आठ मिलिमीटर जास्त: मॉडेल इंजिनाचा शेल कापून-जोडून डब्ल्यूडीएम-२ कसं घडवावं

माझ्याकडे १९९६ सालचा एक फोटो आहे. कोल्हापूर स्टेशन, सकाळची वेळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस नुकतीच येऊन थांबलेली. इंजिनाच्या कॅबखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीखाली, आण्णा उभे, त्यांच्या खांद्यावर मी, डोक्यावर माकडटोपी. मागे विटकरी रंगाचं, अंगावरून पिवळा पट्टा गेलेलं डब्ल्यूडीएम-२ जातीचं डिझेल इंजिन. कॅबवरच्या नंबरातले पहिले चार आकडे स्वच्छ वाचता येतात, पाचवा माझ्या टोपीआड गेलाय. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सुमारे सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, मला हे इंजिन हवं होतं. असलं नव्हे, हेच.

या ‘हेच’मुळे पुढचे आठ महिने गेले. त्यात जे जमलं आणि जे बिघडलं ते क्रमाने लिहितोय. तुमच्या डोक्यात दुसरं एखादं इंजिन असेल, तरी हाताने करायची कामं हीच.

आधी एक इंजिन, एक वर्ष

‘डब्ल्यूडीएम-२ करतोय’ असं म्हणून काम सुरू केलं की फसगत ठरलेली. हे अमेरिकेच्या आल्को कंपनीचं डीएल-५६०-सी डिझाइन, २,६०० अश्वशक्तीचं. पहिली इंजिनं १९६२ साली जहाजातून आली. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सचं पहिलं इंजिन ३ जानेवारी १९६४ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळावर आलं. तिथून पुढे अनेक वर्षं ही इंजिनं बनत राहिली आणि बनलेली इंजिनं शेडमध्ये बदलत राहिली. मूळची व्हॅक्यूम ब्रेकची, नंतर एअर ब्रेक आले. काहींच्या शॉर्ट हूडमध्ये, म्हणजे कॅबच्या एका बाजूच्या आखूड नाकात, डायनॅमिक ब्रेकचे रेझिस्टर बसले, तिथे जाळ्या आल्या. ‘जंबो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या काहींना समोर मोठ्या खिडक्या मिळाल्या. काही पतियाळाच्या कारखान्यात जाऊन नव्याने बांधून आली आणि नंबरापुढे ‘आर’ लावून फिरू लागली. कॅबच्या काचांवर दगडफेकीपासून वाचायला जाळी आली, छतावर पिवळा फ्लॅशर आला.

म्हणजे एकाच नंबरचं इंजिन १९८० ला वेगळं आणि २००० ला वेगळं. तुमच्या मॉडेलवर दोन वेगळ्या काळांतल्या गोष्टी एकत्र दिसल्या, तर जाणकार माणूस काही न बोलता नुसता हसेल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: नंबर, वर्ष, आणि कुठल्या बाजूचा फोटो आहे. बाजू यासाठी, की या इंजिनाच्या दोन बाजू एकसारख्या नसतात. हूडच्या दारांची रांग, जाळ्या, खालच्या टाक्या आणि पाइप, सगळं वेगळं. माझ्याकडे एकाच बाजूचा फोटो होता. दुसरी बाजू त्याच काळातल्या भावंडांच्या फोटोंवरून केली, आणि ती अंदाजाने केली आहे हे वहीत लिहून ठेवलं.

आपल्या भागाची आणखी एक खूणगाठ. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून आहे, पण ती मीटरगेज होती. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावरच असलं इंजिन इथपर्यंत पोचू शकलं. त्यामुळे या मार्गावरच्या रुकडीच्या पुलावर १९६५ सालचं डब्ल्यूडीएम-२ दाखवायचा मोह झाला तर आवरा. आता तर त्या मार्गावर डोक्यावर विजेच्या ताराही आल्या आहेत. जुना देखावा करताना त्या काढायच्या, नवा करताना विसरायच्या नाहीत.

मापं

एचओ म्हणजे १:८७.१. खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ८७.१ ने भागायचं. डब्ल्यूडीएम-२ ची मला लागलेली मापं अशी: बफर बीम (टोकाचा आडवा तुकडा, ज्यावर धक्का झेलणारे बफर बसतात) ते बफर बीम १५,८६२ मिमी, म्हणजे मॉडेलवर १८२.१. बफरसकट लांबी १७,१२० मिमी, म्हणजे १९६.६. रुंदी २,८६४, म्हणजे ३२.९. रुळापासून उंची ४,१८५, म्हणजे ४८. एका बोगीच्या (इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) टोकाच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३,८१०, म्हणजे ४३.७. नवं चाक १,०९२, म्हणजे १२.५. दोन बफरांच्या मध्यांमधलं अंतर १,९५६, म्हणजे साडेबावीस.

गेजचं दुखणं सुरुवातीलाच मान्य करा. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, तो एचओत १९.२ येतो. बाजारातला एचओ ट्रॅक साडेसोळाचा. पुढून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसणारच. रुंद गेजचा ट्रॅक स्वतः घालणारे लोक आहेत, त्यांना दंडवत. मी चाकं साडेसोळावरच ठेवली, बाकी अंग मापाला आणलं आणि तो विषय तिथेच संपवला.

जी मापं कागदावर मिळत नाहीत ती फोटोतून काढायची. नवखा माणूस चाकाच्या व्यासावरून प्रमाण काढतो, आणि तिथेच चुकतो. चाक झिजतं, लेथवर दर टर्निंगला व्यास कमी होतो. त्याऐवजी न झिजणारं माप धरा: बाजूच्या फोटोत बोगीचे ३,८१०, समोरच्या फोटोत बफरांचे १,९५६. फोटो मोबाइलवर जवळून काढलेला असेल तर जवळचं टोक फुगतं. लांब उभं राहून झूम करून, इंजिनाच्या बरोबर मध्यासमोरून काढलेला फोटो मापायला चांगला. जुन्या फोटोत ती चैन नसते. मग फोटोचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं प्रमाण त्याच तुकड्यातल्या माहीत असलेल्या मापाशी जुळवायचं. कॅबच्या खिडकीचं माप कॅबशेजारच्या बोगीवरून, रेडिएटरच्या जाळीचं पलीकडच्या बोगीवरून. आजची इंजिनं पाहायला स्टेशनवर जात असाल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा आणि प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे राहा.

मी पोटासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो. लोखंडाच्या ओतकामाला आम्ही आटण्यासाठी मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास वाढीव ठेवतो, वर मशिनिंगला दोन-तीन मिमी वेगळे. अर्ध्या मिलिमीटरवरून आमच्यात कुणी आवाज चढवत नाही. इथे अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या इंजिनावर त्रेचाळीस मिमी, दाराच्या मुठीएवढा फरक. हात बदलायला मला महिना लागला.

शेल विकत घेण्याआधी चेसिस मोजा

कापायला घेतो तो प्लॅस्टिकचा वरचा शेल, पण तो काय होऊ शकतो हे खालची चेसिस ठरवते. मोटर, वजनाचा तुकडा आणि बोगींच्या पिना जागच्या हलत नाहीत. म्हणून डोनर, म्हणजे कापायला घ्यायचं तयार मॉडेल, निवडताना पहिलं माप बोगीचं. आल्कोच्या बऱ्याच अमेरिकन सहाअ‍ॅक्सली इंजिनांखाली हीच तीन अ‍ॅक्सलची ट्रायमाउंट बोगी असते, मधला अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर नसलेली. आर.एस.डी.-१२ हे त्यातलं एक, आणि त्याचं एचओ मॉडेल निघालेलं आहे. ती बोगी आयती मिळाली की निम्मं काम उरकलं, कारण वेड्यावाकड्या अंतराची बोगी घरी करणं ही शिक्षा आहे.

माझा डोनर सेकंडहँड, पेटी नसलेला, एक जिना तुटलेला. व्हर्निअर लावला: फूटप्लेट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा पाया, १९० मिमी. हवी १८२. आठ मिलिमीटर जास्त.

आता हे आठ कुठून काढायचे? पहिला विचार येतो मधोमध कापून दोन्ही भाग जवळ आणण्याचा. तसं केलं तर शेलमधल्या बोगीच्या जागा जवळ येतात आणि चेसिस तिथल्या तिथेच राहते. मी बोगींच्या पिनांमधलं अंतर मोजलं, फोटोतल्या अंतराशी ताडलं, ते मिलिमीटरभराच्या आत जुळलं. म्हणजे जास्तीची लांबी बोगींच्या पलीकडे, दोन्ही टोकांना होती. लाँग हूडच्या (कॅबच्या दुसऱ्या बाजूच्या लांब भागाच्या) टोकाकडून पाच आणि शॉर्ट हूडकडून तीन असं ठरलं. लाँग हूडकडचा रेडिएटरचा कप्पा तसाही नव्याने करायचा होता, म्हणून तिकडे जास्त. तुमचं गणित वेगळं येईल. पण शेल चेसिसवर ठेवून, आत बोट घालून कुठे किती जागा आहे ते पाहिल्याशिवाय करवत उचलू नका. टोकाची कपलिंगची पेटी आत सरकवायला जागा आहे का तेही आत्ताच बघायचं.

रंग उतरवणं आणि प्लॅस्टिक ओळखणं

शेल चेसिसवरून काढा, काचा-दिवे काढा. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल झाकणाच्या डब्यात घेऊन शेल रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. एका रात्रीत नाही निघालं तर दुसरी रात्र. घाईने थिनर लावू नका. गाड्यांच्या रंगाचा एनसी थिनर स्टायरीनला, म्हणजे शेलच्या प्लॅस्टिकला, खातो, दारांच्या रेघा डोळ्यांदेखत विरघळतात.

मग शेलच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, लिक्विड सिमेंटचा (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा पातळ सॉल्व्हंट) एक थेंब. चिकट झालं तर स्टायरीन किंवा एबीएस, चांगलं जोडलं जाईल. काहीच झालं नाही तर जोड सॉल्व्हंटने धरणार नाही. अमेरिकन मॉडेलांचे हँडरेल बहुधा अशाच निसरड्या प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्यावर रंगही टिकत नाही. ते सरळ काढून टाका.

कापणं

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक दातांची करवत, धारदार ब्लेडची सुरी, गुण्या, व्हर्निअर, नीडल फाइलचा संच, छोटं हातड्रिल आणि ०.४ मिमीची बिटं. करवतीसाठी मी गुजरीत सराफांच्या हत्यारांतली पाती आणतो. चांदीच्या पत्र्यात नक्षी कापायला लागणारी पाती प्लॅस्टिकमध्ये लोण्यासारखी जातात. मात्र वेगाने ओढली की प्लॅस्टिक गरम होऊन पात्यालाच चिकटतं. सावकाश, आणि पात्याला मेणबत्ती घासून.

कापायची रेघ दाराच्या किंवा पॅनेलच्या फटीवर आणा. तिथे मुळातच रेघ असते, जोड लपून जातो. मोकळ्या सपाट पत्र्याच्या मधोमध जोड आला तर पुढे पॉलिश पेपर घासता घासता बोटांचे ठसे जातील. रेघेला लागून मास्किंग टेप गुण्यात बसवून चिकटवा, टेपच्या कडेने सुरीच्या पाठीने तीन-चार वेळा ओरखडा काढा, मग करवत. कापायचं रेघेच्या बाहेर अर्धा मिमी आणि उरलेलं फाइलने रेघेपर्यंत आणायचं. करवत स्वतः पाव मिमीच्या आसपास खाते, ते हिशोबात धरा. जास्त राहिलं तर घासता येतं. कमी पडलं तर पट्टी घालून भरावं लागतं आणि ती पट्टी जन्मभर तुम्हाला दिसत राहते, इतरांना दिसो न दिसो.

दोन्ही बाजू आणि छत एका दमात कापू नका. आधी छत, मग एक बाजू, मग दुसरी, प्रत्येक वेळी नवी पकड. शेल चिमट्यात धरायचा झाला तर आत लाकडाचा ठोकळा बसवा. मी सागवानाचा ठोकळा आतल्या मापाला रंधून घेतला. पॅटर्नवाल्याला एवढी चैन परवडते.

जोडणं

दोन्ही तुकडे सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा, म्हणजे कडा काटकोनात येतात. एकमेकांना टेकवून उजेडाकडे धरा, फट दिसली तर पुन्हा घासा. आतून १ मिमी स्टायरीनच्या पट्ट्या लावायच्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सात मिमी पुढे जाणाऱ्या. खरी ताकद या पट्ट्यांची, बाहेरच्या फटीत सिमेंट ओतून काही होत नाही. स्टायरीन शीट इथे सहज मिळत नाही, मागवून ठेवावी. साइनबोर्डवाल्यांकडचा फोमचा सनबोर्ड या कामाला चालत नाही.

सिमेंट ब्रशने, थोडं. ते फटीत आपोआप ओढलं जातं. माझी सर्वांत मोठी चूक इथलीच. अ‍ॅक्रिलिकच्या कामाला वापरतात तो सॉल्व्हंट मी शॉर्ट हूडच्या छतावर ढीगभर लावला, दुसऱ्या दिवशी घासून गुळगुळीत केलं, प्रायमर मारला. तीन आठवड्यांनी बघतो तर जोडावर केसाएवढी खाच. आत मुरलेला सॉल्व्हंट हळूहळू उडत गेला आणि प्लॅस्टिक खाली बसलं. आता मी जोड झाल्यावर शेल दोन आठवडे कपाटात ठेवतो आणि तेवढ्यात बफर-पाइपची कामं करतो. सॉल्व्हंट लावताना खिडकी उघडी हवी, पंखा तोंडाकडून बाहेरच्या दिशेने. पावसाळ्यात दारं लावून बसायची सवय असेल तर हे काम तेव्हा नकोच.

उरलेल्या बारीक फटींना फेव्हिक्विक आणि टाल्कम पावडरचा गोळा. हा आटत नाही, पण तासाभरात घासून घ्यावा लागतो, रात्रभर ठेवलात तर प्लॅस्टिकपेक्षा टणक होऊन बसतो आणि फाइल शेजारचं मऊ प्लॅस्टिक खाते. गाड्या रंगवणारे वापरतात ती लांबी (पुटी) शेवटच्या ओरखड्यांसाठी चांगली, एकदम जाड थर दिला तर तडकते. घासताना पाणी लावून, ४०० पासून १००० नंबरपर्यंत.

डब्ल्यूडीएम-२ चं तोंड आणण्यासाठी

आता इंजिन लांबीला बरोबर आहे, पण अजून अमेरिकनच दिसतंय. ओळख पटते ती तीन ठिकाणी: हूडची टोकं, कॅबचं छत आणि बफर बीम.

आर.एस.डी.-१२ सारख्या डोनरच्या हूडच्या टोकांना वरच्या कोपऱ्यात खाचा असतात. डब्ल्यूडीएम-२ ला त्या नाहीत. खाचेत स्टायरीनचा तुकडा थोडा मोठाच चिकटवायचा, वाळू द्यायचा आणि मग हूडच्या गोलाईला फाइलने मिळवायचा. गोलाई डोळ्यांनी मिळवू नका. फोटोवरून गोलाईचा आकार पत्र्यात कापून टेम्पलेट करा आणि दर चार फाइलींनंतर लावून बघा. पॅटर्न शॉपमध्ये टेम्पलेटशिवाय कुणी हात लावत नाही, आणि छंदात मात्र आपण सगळे कलाकार होतो.

रेडिएटरचा कप्पा मी टोकापासून पूर्ण नवा बांधला. बाजूच्या झडपा म्हणजे ०.२५ मिमी जाडीच्या पट्ट्या, एका आड एक, कंगव्याच्या दात्यांत अडकवून अंतर राखलेल्या. छतावरच्या पंख्याची जाळी हा सगळ्यांना छळणारा भाग. चहाची गाळणी भरड पडते. स्कूटरच्या पेट्रोल कॉकमधल्या फिल्टरची जाळी मात्र या स्केलला शोभते. ती गोल कापून पातळ पितळी कड्यात बसवली आणि आत पंख्याची पाती काळ्या रंगाने दाखवली. आता थ्री-डी प्रिंटवर अख्खा कप्पा काढून देणारेही भेटतात. रेझिनचा प्रिंट असेल तर जरूर घ्या. धाग्याने थर रचणाऱ्या मशिनचा असेल तर पायऱ्या घासण्यात जो वेळ जातो त्यात दोन कप्पे हाताने होतात.

कॅबच्या छताला अर्ध्या मिमीची शीट वाकवून लावली. शीट पाइपवर टेपने बांधायची, कडकडीत पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर धरायची, लगेच थंड पाण्यात. पाइप हव्या त्या गोलाईपेक्षा थोडा बारीक घ्या, कारण शीट किंचित उघडते. खिडक्या आधी फाइलने मोठ्या केल्या आणि मग आतून चौकटी बसवून मापाला आणल्या. चौकोनाचे कोपरे नेमके येण्यासाठी चार कोपऱ्यांत आधी बारीक भोकं पाडून घ्या.

अमेरिकन इंजिनाला बाजूचे बफर नसतात. मूळ टोक कापून १ मिमी शीटचा नवा बीम लावला, त्यावर साडेबावीसवर दोन खुणा, रुळापासून मध्य १२.७ मिमीवर. खऱ्या इंजिनावर बफरची उंची जास्तीत जास्त १,१०५ मिमी असते, तिथून ते आलं. बफर मी लेथवर पितळेचे काढले. लेथ नसेल तर ब्रिटिश ओओ स्केलच्या मॉडेलांचे तयार बफर बसतात. दोन्ही बफर आणि बीम चेसिसवर बसवून सपाट काचेवर ठेवा आणि खालून दिवा लावून बघा, एक वर एक खाली असेल तर इथेच कळतं.

पाइप वर्षाप्रमाणे. माझ्या फोटोत बीमवर व्हॅक्यूमचा जाड वळसेदार पाइप आहे, म्हणून तोच लावला. गिटारच्या जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते, तिचा तुकडा हुबेहूब तसा दिसतो. तुमचं इंजिन ट्विन-पाइप एअर ब्रेकचं असेल तर ब्रेक पाइपचा कॉक हिरवा आणि फीड पाइपचा पांढरा.

हँडरेलला ०.४ मिमी पितळी तार. ती स्केलमध्ये ३५ मिमीची नळी दिसते. तार सरळ हवी, गुंडाळीतली नको. एक टोक पकडीत धरून दुसरं पक्कडने ओढलं की तार किंचित लांबते आणि कायमची सरळ होते. भोकं पाडताना बिट मोडतात. मोडू द्या, दहाचं पाकीट आणा. सगळे हँडरेल बसले की शेलला परत हात लावायची भीती वाटते, म्हणून हे काम रंगाच्या अगदी आधी.

रंग

कोल्हापुरात रंगाचं वेळापत्रक पंचांगासारखं पाळावं लागतं. जुलैत मी स्प्रे मारला आणि विटकरी रंगावर पांढुरकी साय आली. हवेतली ओल रंगाच्या थरात अडकली की असं होतं. जूनच्या आधी किंवा दसऱ्यानंतर, कोरड्या दुपारी रंगवा. पावसाळ्यात जोडकाम आणि पितळकाम उरकायचं.

उद्यमनगरात कुठलाही गाडीचा रंग पाच मिनिटांत मिसळून मिळतो, पण तो थेट स्टायरीनवर नको. आधी अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हलके थर, चोवीस तास थांबा, मग गाडीचा रंग धुक्यासारखा, कोरडाच पडेल इतक्या लांबून. एअरब्रश असेल तर दाब एक ते दीड बार. प्रायमर करड्या रंगाचाच मारा, त्यावर सगळी पापं दिसतात. दिसली की परत घासणं आलं. मी तीनदा गेलो.

फिकट रंग आधी. पिवळा अख्ख्या पट्ट्याच्या जागेवर मारा, वाळवा, पट्टा टेपने झाका, मग विटकरी. टेपच्या कडेखाली रंग शिरू नये म्हणून टेप लावल्यावर त्याच्या कडेवरून पुन्हा पिवळ्याचाच एक हलका हात मारायचा. जी फट आहे ती पिवळ्याने बुजते आणि विटकरी आत शिरत नाही. वळणाचे पट्टे टेपने कापण्याऐवजी मी रेडियमवाल्याकडून प्लॉटरवर स्टेन्सिल कापून घेतलं. बुलेटवर ‘नाद खुळा’ लिहून देणाऱ्या पोराने १:८७ चा पट्टा कापताना मला दोनदा विचारलं, ‘एवढंसंच?’

झोनची आणि शेडची बारीक अक्षरं मात्र प्लॉटरला झेपत नाहीत. त्यासाठी वॉटरस्लाइड डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवून लावायचं छापील चित्र. घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही, त्यामुळे पांढऱ्या डिकल कागदावर अक्षरांभोवतीचा विटकरी रंग छापायचा आणि अक्षरं कोरी सोडायची. रंग जुळवायला सात-आठ छटांची पट्टी छापून शेलशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. डिकलआधी चकचकीत वार्निश, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. डिकलनंतर मॅट.

काचा सर्वांत शेवटी, पारदर्शक शीटच्या, आणि चिकटवायला फेव्हिकॉल. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकट होते आणि मग ती परत स्वच्छ होत नाही.

मळवणं कमीच ठेवा. आल्को इंजिनाचा नॉच (ताकदीची पायरी) वाढवला की टर्बोला वेग पकडायला वेळ लागतो आणि तोवर काळा धूर ओकतं, म्हणून एक्झॉस्टभोवती छतावर काजळी हवीच. बोगींवर ब्रेकची तांबूस धूळ. ऑइलचे ओघळ दाराखाली दोन-तीन, जास्त नाही. माझ्या फोटोतलं इंजिन तसं स्वच्छच आहे, बहुधा नुकतंच धुतलेलं.

नंबर शेवटी राहिला. पाचवा आकडा काय होता ते आण्णांना विचारलं, ते म्हणाले, ‘तू रडत होतास एवढंच आठवतंय.’ अंदाजाने आकडा टाकायचा नव्हता. चार आकड्यांचं डिकल लावलं, पाचव्याची जागा सोडली, आणि एचओच्या प्लॅटफॉर्मवर कॅबखाली एक माणूस चिकटवला. त्याच्या खांद्यावर स्टायरीनचं पोर आहे, माकडटोपी घातलेलं. फोटो जिथून काढला तिथून पाहिलं की टोपी बरोबर त्या जागेवर येते.